टर्की सॉसेज : चरबी उतरली, मीठ राहिले

अमेरिकेतल्या सुपरमार्केटात मांसाच्या फ्रीजपाशी गेले की सॉसेजची दोन पाकिटे शेजारीशेजारी मांडलेली दिसतात. एक डुकराच्या मांसाचे, दुसरे टर्कीचे. आकार तोच, मसालाही जवळपास तोच : सेजची पाने, काळी मिरी, थोडी लाल मिरची. टर्कीच्या पाकिटावर मात्र 'लीन' हा शब्द ठळक छापलेला असतो आणि त्याखाली 'डुकराच्या सॉसेजपेक्षा इतके टक्के चरबी कमी' अशी ओळ. डॉक्टरांनी 'कोलेस्टेरॉल सांभाळा' म्हणून बजावलेला माणूस तेच पाकीट उचलतो. गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही वर्ज्य असलेल्या, पण बाकी मांसाहार करणाऱ्या तिथल्या मराठी घरांतही सकाळच्या अंड्यांबरोबर हेच सॉसेज येते.

पाकिटावरचा दावा खोटा नाही. तो फक्त एकाच घटकाविषयी बोलतो आणि तुलनेसाठी सोयीचा प्रतिस्पर्धी निवडतो. टर्कीच्या सॉसेजचे पोषणमूल्य समजून घ्यायचे तर पाकिटाची पुढची बाजू वाचून भागत नाही. मागची बाजू वाचावी लागते, आणि ताटातला कुठला पदार्थ काढून आपण हा पदार्थ वाढतो आहोत, हेही पाहावे लागते.

'लीन' म्हणजे किती?

अमेरिकेत मांसाच्या आणि कोंबडी-टर्कीच्या पदार्थांची लेबले कृषी खात्याच्या अखत्यारीत येतात. १९९० साली खाद्यपदार्थांवर पोषणमाहिती छापण्याचा कायदा तिथे झाला. कृषी खात्याने त्याच धर्तीवर मांसासाठी नियम केले आणि ते १९९४ पासून लागू झाले. या नियमांत 'लीन' शब्दाला नेमकी व्याख्या आहे. १०० ग्रॅम पदार्थात एकूण चरबी १० ग्रॅमपेक्षा कमी, संपृक्त चरबी साडेचार ग्रॅम किंवा त्याहून कमी आणि कोलेस्टेरॉल ९५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तरच हा शब्द छापता येतो. 'एक्स्ट्रा लीन' म्हणायचे तर चरबी ५ ग्रॅमच्या आत आणि संपृक्त चरबी २ ग्रॅमच्या आत हवी. 'अमक्यापेक्षा चरबी कमी' असे म्हणायलाही ती किमान २५ टक्क्यांनी कमी असावी लागते.

या व्याख्येत मिठाचा उल्लेख कुठेही नाही, हे आताच ध्यानात ठेवलेले बरे.

आता प्रतिस्पर्ध्याकडे पाहू. त्याच नियमांप्रमाणे डुकराच्या ताज्या सॉसेजमध्ये वजनाच्या निम्म्यापर्यंत चरबी चालते. इटालियन सॉसेजला ३५ टक्क्यांची, तर हॉट डॉगला ३० टक्क्यांची मर्यादा आहे. ज्या पदार्थात कायद्यानेच अर्धी चरबी चालते, त्याच्यापुढे 'कमी चरबीचा' ठरायला फार कष्ट पडत नाहीत.

नुसते 'टर्की सॉसेज' एवढेच लिहिलेले पाकीट आणि 'लीन टर्की सॉसेज' लिहिलेले पाकीट यांतही फरक असू शकतो. टर्कीची कातडी आणि तिच्याखालची चरबी खिम्यात घातली की मांस टर्कीचेच राहते, पण चरबीचा आकडा झरझर चढतो. पक्ष्याचे नाव पाहून चरबीचा अंदाज बांधू नये, हा पहिला धडा.

आकडे काय सांगतात?

अमेरिकी कृषी खात्याच्या अन्नघटक-तक्त्यांत ताज्या, शिजवलेल्या टर्की सॉसेजचे आकडे आहेत. १०० ग्रॅममध्ये सुमारे १९५ कॅलरी, २४ ग्रॅम प्रथिने, १० ग्रॅमच्या थोडी वर चरबी, त्यांपैकी संपृक्त सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. डुकराच्या ताज्या सॉसेजचे, तेही शिजवलेले, आकडे असे : सुमारे ३२५ कॅलरी, १८ ते १९ ग्रॅम प्रथिने, २७ ग्रॅम चरबी आणि त्यांत जवळपास ९ ग्रॅम संपृक्त.

फरक लहान नाही. चरबी निम्म्याहून कमी, संपृक्त चरबी तर पाव हिश्श्यावर आलेली, आणि प्रथिने पाच-सहा ग्रॅमनी जास्त. संपृक्त चरबीतली घट एकूण चरबीपेक्षाही मोठी आहे, कारण टर्कीची चरबी जातीनेच थोडी निराळी असते. डुकराच्या चरबीच्या मानाने तिच्यात असंपृक्त मेदाम्लांचा वाटा अधिक, म्हणून ती मऊ असते आणि लवकर वितळते. रक्तातले 'वाईट' कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढवण्यात आहारातल्या संपृक्त चरबीचा हात मोठा असतो. हृदयविकाराचा धोका असलेल्याने डुकराचे सॉसेज सोडून टर्कीचे धरले, तर त्याचा या बाबतीत खरोखर फायदा होतो.

मात्र खुद्द कोलेस्टेरॉलचा आकडा पाहिला तर अनेकांना आश्चर्य वाटेल. शिजवलेल्या टर्की सॉसेजमध्ये १०० ग्रॅमला ते ९० मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे डुकराच्या सॉसेजइतकेच. कोलेस्टेरॉल हा प्राण्याच्या प्रत्येक पेशीच्या आवरणाचा घटक असतो. तो चरबीच्या थरात साठून राहिलेला नसतो, स्नायूतही असतो. त्यामुळे चरबी काढून टाकली तरी मांसातले कोलेस्टेरॉल त्या प्रमाणात उतरत नाही. सुदैवाने रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा परिणाम अधिक होतो.

टक्केवारीचाही एक घोळ इथे सोडवून टाकू. टर्कीच्या खिम्यावर '९३ टक्के लीन' असे छापलेले असते तेव्हा ते वजनाचे प्रमाण असते : १०० ग्रॅम खिम्यात ७ ग्रॅम चरबी. उरलेल्या ९३ ग्रॅममध्ये बराचसा वाटा पाण्याचा असतो आणि पाण्याला कॅलरी नसतात. एक ग्रॅम चरबीतून ९ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम प्रथिनातून ४. टर्की सॉसेजचाच हिशेब करून पाहा. सव्वादहा ग्रॅम चरबीला नवाने गुणले की ९० हून अधिक कॅलरी होतात आणि एकूण कॅलरी १९५. म्हणजे 'लीन' म्हणवणाऱ्या पदार्थातही जवळपास निम्मी ऊर्जा चरबीतूनच येते. डुकराच्या सॉसेजमध्ये हाच वाटा तीन-चतुर्थांश असतो. वजनाची टक्केवारी आणि कॅलरीची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाकिटावर नेहमी त्यांतली देखणी तेवढी छापली जाते.

कच्च्या आणि शिजवलेल्या वजनातला फरकही असाच फसवतो. कच्च्या टर्की सॉसेजमध्ये १०० ग्रॅमला सुमारे १५५ कॅलरी आणि ८ ग्रॅम चरबी असते. शिजल्यावर १०० ग्रॅमचे आकडे वाढतात, कारण पाणी उडून जाते आणि घटक दाट होतात. सॉसेज कच्चे असेल तर लेबलावरचे आकडे बहुधा कच्च्या वजनाचे असतात. तव्यावरून उतरलेला तुकडा तोलून कच्च्या आकड्यांनी हिशेब केला की तो हमखास चुकतो.

पक्ष्याचा कुठला भाग?

टर्की हा मूळचा उत्तर अमेरिका खंडातला पक्षी. मेक्सिकोतल्या लोकांनी तो युरोपीय तिथे पोहोचण्याच्या कितीतरी शतके आधी माणसाळवला होता. पुढे स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांतून तो जगभर गेला. हिंदुस्थानात तो मुघल दरबारी पोहोचला गोव्यामार्गे : १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेला टर्की पाहून जहांगीर थक्क झाला आणि त्याच्या सांगण्यावरून उस्ताद मन्सूरने त्या पक्ष्याचे चित्र काढले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

टर्की दिवसभर जमिनीवर चालतो आणि झेप घेतो ती थोड्या वेळापुरतीच. सतत राबणाऱ्या मांडीच्या स्नायूंना प्राणवायूचा साठा लागतो, म्हणून त्यांत मायोग्लोबिन हे तांबूस प्रथिन भरपूर असते आणि मांस गडद दिसते. छातीचे स्नायू क्षणभराच्या झेपेपुरते, म्हणून ते पांढुरके. पोषणाच्या दृष्टीने दोन्हींत प्रथिने भरपूर, शरीराला लागणारी सगळी आवश्यक अमिनो आम्ले असलेली. गडद मांसात चरबी थोडी जास्त, पण लोह आणि जस्तही जास्त. ब जीवनसत्त्वांपैकी नायसिन, बी-६ आणि बी-१२, शिवाय सेलेनियम ही टर्कीची ठळक देणगी. बी-१२ चा मुद्दा भारतीयांसाठी मोलाचा आहे, कारण ते वनस्पतिज अन्नातून जवळपास मिळतच नाही.

सॉसेजमध्ये प्रामुख्याने मांडीचे मांस जाते आणि त्यामागे बाजाराचे गणित आहे. थँक्सगिव्हिंगच्या सणाला अमेरिकेत अख्खा टर्की भाजतात. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत ग्राहकाला हवे असते ते सँडविचसाठी कापलेले छातीचे पांढरे मांस. मग मांड्या उरतात. त्यांचा खप व्हावा म्हणून खिमा, 'टर्की हॅम' आणि सॉसेज पुढे आले. या खटाटोपात कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट बेकर यांचे नाव मोठे आहे. चिकन नगेट्सचे जनक म्हणून ते ओळखले जातात, पण कोंबडीचे हॉट डॉग आणि टर्की हॅम यांसारख्या पदार्थांवरही त्यांनी काम केले.

या मालाला गिऱ्हाईक मिळवून दिले ते आहारविषयक धोरणाने. सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या समितीने १९७७ च्या आरंभी अमेरिकी जनतेसाठी आहाराची उद्दिष्टे जाहीर केली. त्यात 'मांस कमी खा' असे सरळ सांगितले होते. मांस उत्पादकांनी गदारोळ केला आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या सुधारित आवृत्तीत वाक्य बदलले : संपृक्त चरबी कमी करणारे मांस, कोंबडी आणि मासे निवडा. 'कमी खा' जाऊन 'निवडून खा' आले. चरबीच्या धास्तीच्या त्या काळात टर्कीच्या मांड्यांना आयतेच निमित्त मिळाले. सॉसेज सोडायचे नव्हते, फक्त त्यातला प्राणी बदलायचा होता.

मीठ का जात नाही?

आता त्या घटकाकडे येऊ ज्याविषयी 'लीन' शब्द मौन पाळतो. टर्कीच्या साध्या, कातडी काढलेल्या कच्च्या मांसात १०० ग्रॅमला सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते. त्याच मांसाचे ताजे सॉसेज झाले की आकडा ६०० च्या घरात जातो, म्हणजे जवळपास पाचपट. शिजवलेल्या सॉसेजमध्ये तो साडेसहाशेच्या वर असतो. धुरावलेल्या, तयार टर्की सॉसेजमध्ये त्याहूनही जास्त. त्याच्या दोन औंसांच्या, म्हणजे ५६ ग्रॅमच्या एका वाढणीतच बरेचदा ५०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते.

मिठात वजनाने सुमारे ४० टक्के सोडियम असते, म्हणून ५०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सव्वा ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. मनगटाएवढाही जाड नसलेल्या सॉसेजच्या एका तुकड्यात त्याचा चौथा हिस्सा संपतो. त्याबरोबर पाव, चीज, केचप आले की हिशेब कुठल्या कुठे जातो.

उत्पादक मीठ सरळ कमी का करत नाहीत? कारण सॉसेजमध्ये मीठ चवीपेक्षा मोठे काम करते. खिम्यात मीठ घालून तो मळला की काही वेळाने तो हाताला चिकटू लागतो. सीक कबाबाचा खिमा मळताना हा बदल बोटांना कळतो. मीठ स्नायूतल्या मायोसिन या प्रथिनाला विरघळवून बाहेर काढते, ते चिकट प्रथिन चरबीच्या कणांभोवती आणि मांसाच्या तुकड्यांभोवती लपेटते आणि शिजताना घट्ट जाळे तयार करून पाणी-चरबी धरून ठेवते. मीठ पुरेसे नसेल तर सॉसेज भुसभुशीत होते आणि पाणी सोडते. चरबी कमी केलेल्या सॉसेजला तर हा आधार जास्तच हवा असतो, कारण त्याचा ओलावा राखणारी आणि चव जिभेवर रेंगाळत ठेवणारी चरबीच काढलेली असते. मग मीठ, मसाला, कधी साखर, कधी फॉस्फेट किंवा स्टार्च यांनी ती उणीव भरून काढली जाते. ज्याला रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्याने घटकांच्या यादीत 'फॉस्फेट' हा शब्दही पाहावा.

धूर, नायट्राइट आणि कर्करोग

सॉसेजचे दोन मुख्य प्रकार लक्षात घेतले की पुढचा भाग सोपा होतो. नाश्त्याचे ताजे सॉसेज कच्चे असते आणि त्यात सहसा नायट्राइट नसते. धुरावलेले किंवा 'क्युअर' केलेले सॉसेज तयार असते आणि त्यात सोडियम नायट्राइट असते. नायट्राइटमुळे मांसाला गुलाबी रंग येतो आणि बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा घडवणारे जिवाणू वाढत नाहीत. पण त्यापासून नायट्रोसामाइन ही कर्ककारक संयुगे तयार होऊ शकतात. काही पाकिटांवर 'अनक्युअर्ड' असे लिहिलेले असते आणि बारीक अक्षरांत 'सेलरी पावडरमधले नैसर्गिक नायट्राइट वगळता' अशी पुस्ती असते. सेलरीतून आलेले नायट्राइट आणि पोत्यातून आलेले नायट्राइट यांत शरीर भेद करत नाही.

ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या लिओं इथल्या कर्करोग संशोधन संस्थेने, १० देशांतल्या २२ तज्ज्ञांच्या बैठकीनंतर, प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटातले, म्हणजे माणसात कर्करोग घडवते असा पुरेसा पुरावा असलेले, कर्ककारक ठरवले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज. याचा अर्थ १०० पैकी १८ जणांना कर्करोग होतो असा नाही. आधीच असलेल्या धोक्यात पडणारी ती भर आहे. पहिला गट हा पुराव्याच्या पक्केपणाचा गट आहे. तंबाखूही त्याच गटात आहे, म्हणून दोन्ही सारखेच घातक ठरत नाहीत.

या पुराव्याचा बहुतेक भाग गाय-डुकराच्या मांसावरचा आहे. पण 'प्रक्रिया केलेले मांस' या व्याख्येत खारवलेले, धुरावलेले, क्युअर केलेले पक्ष्यांचे मांसही बसू शकते. तेव्हा धुरावलेल्या टर्की सॉसेजला या चर्चेतून सूट मिळाली असे समजू नये.

आवरण कोणाचे?

आत टर्की असली तरी बाहेरचे आवरण टर्कीचेच असेल असे नाही. ते डुकराच्या किंवा मेंढीच्या आतड्याचे असू शकते, अथवा गाईगुरांच्या कातड्यातून काढलेल्या कोलॅजेनचे. आवरण दुसऱ्या प्राण्याचे असेल तर अमेरिकेत ते लेबलावर सांगावे लागते, पण ती ओळ पाकिटाच्या दर्शनी भागावर डोळ्यांत भरेल अशी क्वचितच असते. गोमांस किंवा डुकराचे मांस वर्ज्य म्हणून टर्की घेणाऱ्याने हीच ओळ आधी शोधावी. आवरण नसलेल्या वड्या किंवा नुसता मोकळा सॉसेज-खिमा हा अशांसाठी सरळ मार्ग.

घटकांच्या यादीत 'यंत्राने वेगळे केलेली टर्की' असेही आढळते. हाडांना चिकटून राहिलेले मांस दाबाने चाळणीतून काढून जो लगदा मिळतो, तो हा. तो खाण्यास सुरक्षित मानला जातो आणि हाडांच्या अंशामुळे त्यात कॅल्शियम थोडे जास्त असते. पण त्यात चरबीही जास्त असू शकते आणि तो स्वस्त माल असतो. जास्त पैसे मोजायचे तर यादीतला पहिला घटक काय आहे ते पाहून मोजावेत.

शिजवताना आणि वाढताना

टर्कीचे कच्चे सॉसेज आतपर्यंत ७४ अंश सेल्सियसला पोहोचले पाहिजे. साल्मोनेला हा पक्ष्यांच्या मांसातला नेहमीचा धोका. सॉसेजचा रंग पाहून ते शिजले का हे ठरवता येत नाही, कारण मसाल्याने रंग झाकला जातो. स्वयंपाकाचा थर्मामीटर तुकड्याच्या टोकातून मध्यापर्यंत घालून पाहावा. चरबी कमी असल्याने हे सॉसेज तव्याला चिकटते आणि मोठ्या आचेवर कोरडे पडते. डुकराचे सॉसेज स्वतःच्याच चरबीत तळले जाते. इथे तेवढी चरबीच नसते. म्हणून तव्यात दोन-तीन चमचे पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर आधी शिजवावे आणि पाणी आटल्यावर चमचाभर तेलात परतून रंग आणावा. तेल ओतताना मात्र हात आवरावा. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १४ ग्रॅम चरबी, आणि ती १०० ग्रॅम सॉसेजमधल्या चरबीहून जास्त आहे.

सॉसेजकडे ताटातला मुख्य पदार्थ म्हणून पाहण्यापेक्षा खारट मसाला म्हणून पाहिले तर बरेच प्रश्न सुटतात. एका सॉसेजचे तुकडे करून ते कांदा, ढोबळी मिरची, राजमा किंवा भाताबरोबर चौघांत वाटले आणि वरून मीठ घातले नाही, तर चव सगळ्यांना मिळते आणि सोडियम विभागले जाते. अंड्याच्या भुर्जीतही असेच करता येते.

शेवटी प्रश्न उरतो : हे सॉसेज चांगले की वाईट? उत्तर ते कशाच्या जागी येते यावर ठरते. रोज सकाळी डुकराचे सॉसेज किंवा बेकन खाणाऱ्याने लीन टर्की सॉसेज घेतले तर कॅलरी आणि संपृक्त चरबी ठळकपणे कमी होतात, प्रथिने वाढतात, मिठाचे प्रमाण मात्र थोडेच उतरते. हा बदल करण्याजोगा आहे. घरी शिजवलेली कोंबडी, मासे, अंडी किंवा उसळ खाणाऱ्याने 'आरोग्यदायी' म्हणून तेच सॉसेज सुरू केले तर प्रथिनांत विशेष भर पडत नाही. मीठ वाढते आणि धुरावलेला प्रकार असेल तर नायट्राइटही येते. त्याच्यासाठी हा तोट्याचा सौदा आहे. पाकीट हातात घेतल्यावर क्रम असा ठेवावा : आधी एका वाढणीचे वजन, मग सोडियम, मग संपृक्त चरबी, मग घटकांची यादी. 'लीन' हा शब्द सगळ्यांत शेवटी वाचला तरी चालतो.